उजव्या दारावरचा पोचा

माझ्या भावाच्या डाव्या तळहाताला डोळे आहेत, असं आमची वहिनी म्हणते. दादा गाडीच्या पत्र्यावर जुनं मऊ फडकं टाकतो, त्यावर डावा हात ठेवतो आणि डोळे मिटून हात सरकवत नेतो. फडकं कशाला, असं मी एकदा विचारलं होतं. "नुसता हात ठेवला तर पत्रा गार लागतो, गुळगुळीत लागतो आणि हात त्यातच रमतो. फडकं असलं की तेवढं उंचसखल कळतं," तो म्हणाला.

गाड्यांचे पोचे काढणं हा त्याचा धंदा. एक्केचाळीस वर्षं तो हेच करतो आहे. टायरच्या दुकानामागे पत्र्याची शेड आहे, त्यात जेमतेम दोन गाड्या मावतात. भिंतीला वीस-बावीस हातोड्या टांगलेल्या, प्रत्येकीचं तोंड वेगळं. पोच्याच्या आतून लोखंडाचा ठोकळा धरायचा, बाहेरून हातोडीने हलके हलके ठोकायचं आणि पत्रा हळूहळू जागेवर आणायचा. एवढ्या वर्षांच्या ठोकाठोकीने त्याचा उजवा कान गेला. लोक त्याच्याशी ओरडून बोलतात, आणि आपणही ओरडतच असणार या समजुतीने तो इतकं हळू बोलतो की समोरच्याला पुढे वाकावं लागतं.

दुकानाला पाटी नाही. वहिनीने कितीदा सांगितलं, निदान एक फळा तरी रंगवून घ्या. दादाचं उत्तर ठरलेलं. "पोचा कुठे होता हे कळलं तर काम वाईट. जे दिसतच नाही त्याची पाटी काय लावायची?"

पाटीऐवजी त्याच्याकडे लोहचुंबक होतं. जुन्या लाउडस्पीकरमधून काढलेलं, गोल, बांगडीएवढं. ते दाराशी खिळ्याला सुतळीने टांगलेलं असे. गाडी तयार झाली की दादा ते गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा आणि म्हणायचा, "फिरवा." बाकीचे कारागीर पोचा अर्धामुर्धा ठोकतात, वर पुट्टी थापतात, घासतात आणि रंग मारतात. दिसायला छान दिसतं, पण पुट्टीवर चुंबक धरत नाही, घसरून खाली येतं. दादाच्या कामावरून ते कधी घसरलं नव्हतं.

"लग्नाआधी मलाही लावून बघितलं असेल यांनी," वहिनी म्हणायची.

"बघितलं होतं. जिभेपाशी जरा जास्तच चिकटलं."

त्या दोघांना मूल झालं नाही. माझ्या नवऱ्याच्या सतत बदल्या, माझी कॉलेजच्या ग्रंथालयातली नोकरी, त्यामुळे माझ्या मुलाच्या दुपारी दादाच्या शेडमध्ये गेल्या. सीटखाली पडलेले स्क्रू शोधायला तो गाडीत शिरायचा तो तासभर बाहेर यायचा नाही, म्हणून मामाने त्याचं नाव ठेवलं उंदऱ्या. आज तो एकतीस वर्षांचा आहे, कडक इस्त्रीचे कपडे घालतो, आणि घरात सगळे त्याला अजून उंदऱ्याच म्हणतात.

तो सात वर्षांचा असताना मामाने त्याला एक सिनेमा दाखवला. त्यात एक गाडी होती. लांब नाकाची, गोल दिव्यांची, वरून दुधी आणि खालून बाटलीसारखी हिरवी. शेवटी शेवटी ती एका फाटकातून सुसाट बाहेर पडते, दार खांबाला घासतं, मोठा पोचा पडतो, आणि तो पोचा घेऊनच ती शेवटपर्यंत धावते. नायक मेला तेव्हा उंदऱ्या रडला नाही, पण दार चेपलं तेव्हा रडला.

"मामा, तू काढून देशील ना तो पोचा?"

"त्या गाडीचा पोचा काढायचा नसतो रे. काढला तर ती ती गाडीच राहणार नाही."

"मग मला तशी गाडी करून दे. पोच्यासकट."

"देईन."

तो सिनेमा दोघांनी नऊ वेळा पाहिला. मला वाटलं, पोराचं खूळ आहे, जाईल. पुढे दहावीच्या सुट्टीत उंदऱ्या हातोडी शिकायची म्हणू लागला तेव्हा मात्र मी घाबरले. कान जाईल, बोटं जातील, आयुष्य पत्र्याच्या शेडमध्ये जाईल, असं काय काय माझ्या डोक्यात आलं. मी सरळ नाही म्हणाले. दादा तेव्हा एवढंच म्हणाला, "तुझा मुलगा आहे, चिमे." मी साठीला आले तरी त्याच्यासाठी मी चिमीच आहे. उंदऱ्या मग शिकला आणि प्रदर्शनं मांडायच्या धंद्यात गेला. कोणती वस्तू कुठे ठेवायची, तिच्यावर उजेड कसा पाडायचा, पाटीवर काय लिहायचं, हे तो बघतो. त्याचं नीट चाललंय असं वाटून मी निर्धास्त झाले होते.

तीन वर्षांपूर्वी दादाला एका रोपवाटिकेत ती गाडी दिसली. म्हणजे त्या जातीची, त्याच सालातली. मालक तिच्यात खताची पोती ठेवायचा. तळ कुजला होता, एका वेलाची मुळं आत शिरून सीटच्या स्प्रिंगांत गुंतली होती. दादाने बोनेटवर फडकं टाकलं, हात फिरवला आणि घरी येऊन वहिनीला म्हणाला, "हाडं शाबूत आहेत."

"तुमची की तिची?" वहिनीने विचारलं.

पुढची अडीच वर्षं गिऱ्हाइकांची कामं सकाळी आणि ती गाडी दुपारनंतर, असा त्याचा दिवस झाला. तळाचा पत्रा नवा घातला, चाकांवरच्या कमानी हाताने ठोकून काढल्या. दिव्यांभोवतीचं चकचकीत कडं मिळेना, तर पितळेच्या परातीतून कापून केलं. परात वहिनीची होती. "दुसरी आणून देतो" याची ती अजून वाट बघते आहे. उंदऱ्या दर रविवारी यायचा, कपडे बदलून गाडीखाली शिरायचा. फोनवर सिनेमा लावून दोघं चित्र थांबवायचे, आरसा किती तिरका आहे यावर भांडायचे. त्या दोघांना तसं बघून मला वाटायचं, दहावीच्या सुट्टीत मी जे तोडलं ते जुळून येतंय.

अडचण पोच्याचीच होती. फोनवर मिळणाऱ्या प्रतीत शेवटची पंधरा मिनिटंच नाहीत. पोचा कुठल्या दारावर, कसा, हे दाखवणारं काहीच नव्हतं. दादा म्हणे उजव्या, उंदऱ्या म्हणे डाव्या. शेवटी दादा बंद पडलेल्या थिएटरच्या ऑपरेटरला शोधत गेला. जुनी फिल्म तुटली की जोडताना चार-दोन चित्रं कापावी लागायची, ती ऑपरेटर जपून ठेवायचा. त्याच्याकडे पाच चित्रांची एक पट्टी निघाली. संध्याकाळचा उजेड, गाडीचा बाजूचा भाग, आतला चालक अंधारात, आणि दारावर तो पोचा.

दादाची नजर आता बारीक कामाला साथ देत नाही. पट्टी त्याने माझ्या हातात दिली. "तू शिकलेली आहेस, चिमे. तू बघून सांग."

मी खिडकीशी उभी राहिले, पट्टी उजेडात धरली, भिंग लावलं आणि म्हणाले, "डावं."

"मी म्हणत नव्हतो?" उंदऱ्याने टाळी वाजवली.

"मला उजवं आठवत होतं," दादा म्हणाला. "पण वय झालं आता. चिमी बघून सांगते आहे ना."

मग पोचा पाडायचं काम सुरू झालं. मला वाटलं होतं, त्यात काय, दोन घाव घातले की झालं. दादाने भंगारातून दारं आणली आणि एकेक ठोकून बघायला लागला. हातोडीचा पोचा हातोडीसारखाच दिसे. वाळूचं पोतं आपटलं तर नुसता खळगा पडे. सिनेमातला पोचा वर रुंद होता, खाली निमुळता होत गेला होता, आणि मधे पत्र्याला एक घडी पडली होती.

"आयुष्यभर लोकांचे पोचे काढले, आणि आता म्हातारपणी पाडायला बसलेत," वहिनी म्हणाली. "तेही जमेनात!"

शेवटी त्याने शेडच्या आढ्याला दोर बांधून एक जाड ओंडका आडवा टांगला आणि झोका देऊन तो दारावर तिरका सोडला. असं करत करत अकरा दारं झाली. अकराव्या दाराला बघून उंदऱ्याने मामाला उचलून गरकन फिरवलं. ओंडक्याच्या लाकडात एका टोकाशी गाठ होती, तिच्यामुळे घडीच्या वरच्या टोकाला केसाएवढी रेघ उमटत होती. ती दादाला आवडली. "खांब काही रंधा मारलेला नसतो," तो म्हणाला. मग गाडीचं खरं दार समोर धरलं आणि एकाच झोक्यात पोचा पाडला. घडीत गंज यावा म्हणून वहिनीने आठवडाभर रोज मिठाचं पाणी शिंपडलं. तिच्या झाडांनाही ती इतकं नेमाने पाणी घालत नाही.

उंदऱ्याने तोपर्यंत एका मोठ्या दालनात सिनेमातल्या वस्तूंचं प्रदर्शन ठरवलं होतं. त्यात मधोमध ही गाडी. पाटीचा मजकूर त्याने मामाला फोनवर दाखवला. सिनेमातल्या गाडीची हुबेहूब प्रतिकृती, असं वर होतं आणि खाली, "ही गाडी माझ्या मामाने घडवली."

दादाने तो आधी स्वतः वाचला. मग मला म्हणाला, "मोठ्याने वाच." मी वाचला. थोड्या वेळाने चहा पिता पिता पुन्हा म्हणाला, "शेवटची ओळ परत वाच बघू." पाटी नको म्हणणाऱ्या माणसाला ती पाटी किती हवी होती, ते मला त्या दिवशी कळलं.

प्रदर्शनाला तीन दिवस उरले असताना ऑपरेटर गाडी बघायला आला. कौतुकाने एक चक्कर मारली आणि डाव्या दारापाशी थबकला. "काम सुरेख झालंय. पण दार चुकलं की हो."

पट्टी काढली गेली. त्याने ती बोटांत धरून मला दाखवली. फिल्मची एक बाजू चकचकीत असते आणि एक मंद. कोणती बाजू आपल्याकडे ठेवायची हे ठरलेलं असतं, नाहीतर चित्र आरशातल्यासारखं उलटं दिसतं. "ताई, तुम्ही पट्टी उलटी धरलीत."

दादा लगेच म्हणाला, "तिने नाही, मी धरली होती." उंदऱ्या तिथे होता. त्याने मला पट्टी धरताना पाहिलं होतं, पण तो काही बोलला नाही.

उजव्या दारावर पोचा पाडायला एक दिवस पुरेसा होता, ओंडका तयारच होता, आणि डाव्या घडीतला गंज खरवडून तिथे चोळता येणार होता. प्रश्न होता डाव्या दाराचा. एवढी घडी पडलेला पत्रा ताणला जातो. तो गॅसने तापवून, ओल्या फडक्याने गार करून, पुन्हा पुन्हा आक्रसवून सपाट करायला दादाला पाच दिवस हवे होते.

"मामा, पुट्टी भर ना," उंदऱ्या म्हणाला.

दादाने ऐकू न आल्यासारखं केलं. कधी कधी त्याला तो कान कामी येतो.

"मामा! डावी बाजू भिंतीकडे करू. कोण बघणार आहे? तीन दिवसांवर आलंय. आता नाही झालं तर मी तोंडघशी पडेन."

दादाने माझ्याकडे बघितलं. चूक माझी होती आणि मुलगाही माझा होता. मी म्हणाले, "एवढ्या वेळी कर, दादा."

पुट्टीचा डबा आणायला तो स्वतः गेला नाही. वहिनीला पाठवलं. समोरचा रंगवाला चाळीस वर्षांचा ओळखीचा. त्याने विचारलं, "काय वहिनी, भिंतीला का?" वहिनी म्हणाली, "हो, भिंतीला." पुट्टी भरायला लागण्याआधी दादाने दाराजवळचं लोहचुंबक खिळ्यावरून काढलं आणि खणात ठेवून दिलं.

उद्घाटनाला दादाने इस्त्रीचा शर्ट घातला. वहिनीने त्याचे केस काळे केले, त्यात कानाची पाळीही थोडी काळी झाली. आम्ही तिघं गेलो. गाडी भिंतीकडे नव्हती. दालनाच्या मधोमध, चारी बाजूंनी दोरी लावून, वरून उजेड सोडून उभी केली होती. दादा तिच्याकडे न जाता आधी पाटीकडे गेला. खिशातून चष्मा काढला, काच पुसली आणि वाचू लागला. मग तो पाटीच्या मागे जाऊन आला, मागच्या बाजूला काही लिहिलंय का ते बघायला.

"चिमे, इथे काय लिहिलंय ते वाच. माझं काहीतरी चुकतंय."

मी वाचलं. सिनेमात वापरलेली मूळ गाडी, असं लिहिलं होतं. अनेक वर्षं बेपत्ता, एका रोपवाटिकेत सापडली. पुढे सिनेमाची माहिती होती. बस.

"गर्दी आहे दादा. नंतर वाचू," मी म्हणाले.

तो गाडीपाशी गेला. सवयीने खिशातला रुमाल बोनेटवर टाकला आणि त्यावर हात ठेवला. रखवालदार ओरडला, "ओ आजोबा, हात नाही लावायचा!" तेवढ्यात उंदऱ्या आला. बरोबर दालनाचे मालक आणि जुन्या गाड्यांचे एक जाणकार, पांढऱ्या दाढीचे, हातात छोटी पेटी.

"हे कोण?" मालकांनी विचारलं.

उंदऱ्याने मामाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "हे ना... गाडी पुसायला येतात. ओळखीतले काका आहेत."

काका म्हणाला. ज्याच्या मांडीवर बसून त्याने पहिला घास खाल्ला त्याला तो ओळखीतले काका म्हणाला. वहिनी एक पाऊल पुढे झाली. तिचं तोंड उघडलेलं मी पाहिलं आणि तिचा हात घट्ट दाबला. का दाबला? पाच-दहा माणसांदेखत माझा मुलगा खोटा पडला असता. मी दुसरा काही विचार केला नाही. वहिनी थांबली. दादाने ते बघितलं. मी हात दाबताना त्याने बघितलं, हे मला तेव्हाच कळलं होतं.

जाणकारांनी पेटीतून चुंबक काढलं आणि उजव्या दारावर फिरवलं. मग गुडघ्यावर बसून पोचा न्याहाळला, घडीत बोट घातलं, गंज बघितला.

"बघा," ते मालकांना म्हणाले, "नकली गाड्या मी खूप पाहिल्यात. सगळ्यात आधी फसतो तो पोचा. ठोकून केलेला लगेच कळतो. हा माणसाने केलेलाच नाही. हा अपघातातच पडतो."

एक्केचाळीस वर्षांत दादाच्या कामाचं एवढं मोठं कौतुक कुणी केलं नव्हतं. तो चार हातांवर रुमाल हातात घेऊन उभा होता.

मग जाणकार डाव्या बाजूला वळले. उंदऱ्याचा चेहरा उतरला. "सर, आधी चहा घेऊ या ना," तो म्हणाला. पण ते दारापर्यंत पोचलेच होते. चुंबक लागायच्या आत दादा बोलला. नेहमीसारखा हळू, त्यामुळे आम्हा पाच-सहा जणांनाच ऐकू आलं.

"तिथे धरणार नाही. तिथे पुट्टी आहे. मी भरली आहे."

मी डोळे मिटून घेतले. मला वाटलं, आता सगळं बाहेर येणार. आणि खरं सांगायचं तर त्या भीतीच्या तळाशी मला सुटल्यासारखंही वाटलं.

चुंबक दारावरून घसरलं. जाणकार हसले, दादाकडे वळून बघितलं आणि मान डोलावली. "तुम्ही केलं होय हे? अहो काका, एवढ्या मोलाच्या गाडीला पुट्टी फासतात का? निदान कुणाला विचारायचं तरी."

"हो ना," उंदऱ्या झटकन म्हणाला. "आमच्या हाती यायच्या आधीचं आहे ते."

"जुन्या गाडीवर नंतर कुणीतरी हात मारतोच," जाणकार मालकांना म्हणाले. "त्याने मूळपणा जात नाही. फक्त पाटीवर तसं लिहा. प्रामाणिकपणा बरा."

दादाने रुमालाची घडी केली, खिशात ठेवली आणि दाराकडे चालू लागला. वहिनी माझा हात झटकून त्याच्यामागे गेली.

आठवड्याने मी एकटीच जाऊन बघून आले. पाटीवर एक ओळ वाढली होती. "डाव्या दाराची नंतर एका स्थानिक कारागिराकडून निकृष्ट दुरुस्ती झाली आहे."

मी दादाला सांगणार नव्हते, पण त्याला आधीच कुणीतरी सांगितलं होतं. त्याने मला विचारलं, "निकृष्ट म्हणजे अगदी वाईट ना?" मी हो म्हणाले. "मग बरोबर लिहिलंय त्यांनी," तो म्हणाला.

उंदऱ्याशी माझं बोलणं झालं ते स्वयंपाकघरात, तो उभ्या उभ्या पाणी पीत असताना.

"मालकांना वाटलं मूळ गाडी आहे, आई, आणि पाटीही त्यांनीच बदलायला लावली. मी तसं म्हणालो नव्हतो. मी फक्त नाही म्हणालो नाही."

"आणि काका?"

त्याने पेला खाली ठेवला. "मामा समजून घेईल."

"घेईलच. आजवर तेच केलंय त्याने. तू लहान असताना सीट फाडलीस तरी गिऱ्हाइकाला तो म्हणाला, माझ्याकडून फाटली. म्हणून तुला वाटतं की हेही तो अंगावर घेईल."

"मग काय करू? आता खरं सांगितलं तर मला या धंद्यात कुणी दारात उभं करणार नाही. तुला चालेल?"

मी त्याचा पेला उचलून विसळायला घेतला. मला चाललं नसतं, हे त्यालाही ठाऊक होतं.

दादाने एकच मागणं केलं. तेही थेट नाही, माझ्यामार्फत. "उंदऱ्याला म्हणावं, ते डावं दार तेवढं काढून आणून दे. दुसरं लावून ठेव तोपर्यंत. पाच दिवसांत लोखंडाचं करून देतो. पाटी काय लिहायची ती लिहा, पण ती पुट्टी माझ्या नावावर नको."

मी निरोप दिला. उंदऱ्या क्षणभर विचारात पडला आणि म्हणाला, "आता दार दुरुस्त केलं तर पाटी खोटी पडेल, आई."

हे सांगताना तो हसला नाही. तो खरोखरच पाटीची काळजी करत होता.

त्यानंतर दादाच्या शेडमध्ये मी बसले होते तेव्हा एक जुनं गिऱ्हाईक गाडी न्यायला आलं. खिळ्याकडे बघून म्हणालं, "चुंबक कुठे गेलं? फिरवायचं नाही का?" दादा म्हणाला, "ते आता नसतं." गिऱ्हाईक गेल्यावर मी त्याला म्हणाले, मला माफ कर. पट्टी मी उलटी धरली. पुट्टीलाही मीच हो म्हणाले. तिथून सगळं सुरू झालं.

"पट्टीचं काय घेऊन बसलीस," तो हातोड्या पुसत म्हणाला. "ते कुणाच्याही हातून होतं. तू वहिनीचा हात का दाबलास, तेवढं सांग."

"मी आई आहे रे त्याची."

"हो," तो म्हणाला. इतक्या हळू, की मला पुढे वाकावं लागलं. "आणि मला वाटत होतं, मीही त्याचा कुणीतरी आहे. आणि तुझाही."

वहिनीने चहा आणून ठेवला, माझ्याकडे न बघता. ती अजून माझ्याशी कामापुरतंच बोलते.

हे लिहितेय ते मी उंदऱ्याला काल सांगितलं. त्याने विचारलं, "कुठे देणार?" मी म्हणाले, जे छापतील त्यांना. "माझं काय होईल, याचा विचार केलास?" मी म्हणाले, दुसरा कसलाच विचार मी गेली एकतीस वर्षं केलेला नाही. तो खोलीत गेला. त्याच्या दाराखालून उजेड दिसतो आहे, म्हणजे तो जागा आहे. जेवलेलाही नाही. ताट झाकून ठेवलं आहे.

गाडी अजून त्या दालनात उभी आहे. बघायला जाल तर उजव्या दारावरच्या पोच्याकडे नीट बघा. घडीच्या वरच्या टोकाला केसाएवढी एक रेघ आहे. ती लाकडाच्या गाठीची आहे. तो ओंडका टायरच्या दुकानामागच्या शेडमध्ये आढ्याला अजून टांगलेला आहे आणि शेजारी अकरा दारं रचून ठेवली आहेत. शेवटच्या दारावर हीच रेघ आहे, कुणीही जुळवून बघावी. ती गाडी माझ्या भावाने घडवली, दिव्यांपासून पोच्यापर्यंत. डाव्या दारावर जे काही निकृष्ट आहे, ते माझ्यामुळे आहे.